इतिहास मंडळ काढताय? आधी शाली मोजून घ्या

नाशकात इतकी वर्षं राहून तुम्ही अजून एकही इतिहास मंडळ काढलं नाहीत, हे काही बरं नाही. पहिल्यांदा लेटरहेड छापा. कोपऱ्यात नारोशंकराची घंटा हवीच. मग एक अध्यक्ष, दोन कार्याध्यक्ष, तीन उपाध्यक्ष नेमा. एवढे नेमले की कामाला माणूस उरत नाही. उरला तर तो प्रश्न विचारतो.

पहिलं व्याख्यान 'नाशिक हे नाव कसं पडलं' यावर ठेवा. लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं, हे श्रोत्यांना आधीच ठाऊक असतं, म्हणून टाळ्या हमखास. मागच्या रांगेतले काका उठून 'नऊ टेकांवर वसलं म्हणून नाशिक' म्हणतील. जुंपू द्या, चहा येईपर्यंत वेळ छान जातो. कुणी गुलशनाबाद या मुघलकाळातल्या नावाचा विषय काढला, की मात्र लगेच आभार मानायला उठा.

पांडवलेण्याची सहल करा, पण दहाव्या लेण्यात फार रेंगाळू नका. तिथे क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने दानाचा हिशेब कोरून ठेवला आहे. ठेव ३००० कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची. त्यातले २००० गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यवसाय-संघाकडे, दरमहा शेकडा १ व्याजाने. त्या व्याजातून २० भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, दरसाल प्रत्येकी १२. उरलेले १००० दुसऱ्या श्रेणीकडे, पाऊण टक्क्याने. मुद्दल परत द्यायचं नाही, नुसतं व्याज खायचं, हेही लिहिलंय. एखाद्या सभासदाने हे वाचलं आणि आपल्या वर्गणीचं काय झालं म्हणून विचारलं, तर तुम्ही काय कोरून दाखवणार?

आता कागदपत्रं. ही भानगड शक्यतो टाळा. आमच्या मंडळाला हौस होती. जुन्या नाशकातला एक वाडा बिल्डरकडे गेला, माळ्यावर मोडीची दप्तरं आहेत असं कळलं. आम्ही निघालो, पण नुसतं जायचं कसं? मालकांचा सत्कार ठरवला, फ्लेक्स छापायला टाकला, पाहुणे मिळेनात म्हणून तारीख दोनदा पुढे ढकलली. शेवटी शाल-श्रीफळ घेऊन पोचलो तेव्हा खांब-तुळया टेम्पोत चढत होत्या आणि रद्दीवाला अंगणात बसून दप्तरं बांधलेले रुमाल सोडत होता. लाल खारव्याची फडकी झटकून त्याने एका बाजूला नीट घडी घालून ठेवली होती. कागद नको म्हणाला. वाळवीने खाल्लेले, वजन भरत नाही. मालक म्हणाले, "आजोबांचं काहीतरी गिचमिड होतं हो, घ्या ना तुम्हीच." मोडीचं प्रमाणपत्र असलेल्या आमच्या उपाध्यक्षांनी एक पान उचललं, उजेडाकडे धरलं, बराच वेळ पाहिलं आणि 'श्री' एवढं वाचलं. बाकीचं पान त्यांच्या हातातच तुटलं.

सत्कार मात्र उत्तम झाला. फोटो आहेत.

सार्वजनिक वाचनालय १८४० पासून पुस्तकं सांभाळतंय म्हणून तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आपल्याला सांभाळायचा असतो तो सत्कारमूर्तींचा क्रम.

एक दिवस तेवढा जपा, रंगपंचमीचा. शनिचौक, तिवंधा चौक, दिल्ली दरवाजा इथल्या पेशवाईतल्या रहाडी, म्हणजे रंग खेळायचे हौद, त्या दिवशी उघडतात. वर्षभर वर लाकडं नि माती, त्यावरून रिक्षा जातात. दगडी हौद खाली शाबूत. गल्लीतली पोरं माती उपसतात, पूजा करतात, रंग कालवतात, दणादण उड्या मारतात आणि मग रहाड पुन्हा बुजवून घरी जातात. त्यांच्याकडे लेटरहेड नाही, कार्याध्यक्ष तर नाहीच. अशा ठिकाणी आपलं काय काम? त्या दिवशी मंडळाला सुट्टी द्या. रहाडीचा रंग फार पक्का असतो, शालीला लागला तर ती पुढच्या सत्काराला चालत नाही.