समर्पण करा, पण एकदाच

आत्मिक वाढ हवी असेल तर आधी शुभवर्तमान पारखून घ्या; येशूची ही चरित्रं मत्तय, मार्क, लूक, योहान अशा चौघांनी लिहिलीत. स्वतःचा त्याग करून, आपला वधस्तंभ उचलून माझ्यामागे या, हे प्रभूचं बोलणं मत्तयात आहे (16:24) आणि मार्कातही (8:34). दोघांचं काम आटोपशीर. उचला आणि चला. लूकने मात्र त्याच वाक्यात (9:23) 'दररोज' हा शब्द नोंदवून ठेवलाय. तो पेशाने वैद्य; औषध दररोज घ्या म्हणायची सवय सुटत नसावी. तेव्हा समर्पणाच्या बाबतीत लूक शक्यतो उघडू नये.

एकदाच करायचं समर्पण तसं सोपं असतं, शिवाय चारचौघांत शोभून दिसतं. संजीवन सभेची शेवटची रात्र आहे, संगीत मंद झालंय, आणि 'ज्यांना आज सर्वस्व वाहायचंय त्यांनी पुढे या' अशी हाक आली आहे. अवश्य जा. अगदी पहिले जाऊ नका, उतावळे दिसाल. अगदी शेवटीही नको, एवढं कसलं पाप केलं असेल म्हणून लोक विचारात पडतात. मधल्या गर्दीत जा. डोळे भरून आले तर पुसू नका. घर, जीव, उरलेलं आयुष्य, सगळं वाहून टाका. परत आल्यावर तुमच्या नेहमीच्या खुर्चीवर कुणी बसलेलं दिसलं तर शेजारी उभं राहून दोनदा खाकरा. सर्वस्वात खुर्ची धरत नाहीत.

या मार्गात पूर्वी मोठमोठे लोक होऊन गेलेत, त्यामुळे संकोच नको. येशूचा शिष्य पेत्र याचंच बघा. 'तुमच्याबरोबर मरावं लागलं तरी तुम्हाला नाकारणार नाही' असं तो म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं. त्याच रात्री त्याने तलवार उपसून, येशूला पकडायला आलेल्यांतल्या मल्खाचा कान उडवला. त्याच्याने झालं नाही ते एवढंच, की गेथशेमाने बागेत येशूबरोबर तासभर जागं राहणं. जीव द्यायला तयार, झोप द्यायला नाही. (हे वाचताना मला फार धीर येतो. येऊ नये, पण येतो.) नामानही तसाच. अरामाचा सेनापती, कुष्ठ घेऊन आलेला, आणि बरं होण्यासाठी अलीशा संदेष्ट्याने त्याला सांगितलं काय, तर यार्देन नदीत सात बुचकळ्या मार. संतापून परत निघाला बिचारा. त्याचे चाकर म्हणाले, काही अवघड सांगितलं असतं तर केलं असतंत ना? चाकर असे आगाऊ असू नयेत.

शास्त्रवाचनाचं म्हणाल तर पवित्र शास्त्रात 1189 अध्याय आहेत. वर्षात संपवायचे तर रोज सव्वातीन पडतात. 1 जानेवारीला जोरात सुरुवात करा. उत्पत्ती 50, निर्गम 40, म्हणजे महिना सरता सरता तुम्ही तिसऱ्या पुस्तकात, लेवीयात पोहोचता, आणि तिथे तेराव्या अध्यायात चट्टा, खवंद, पांढरा केस यांची 59 वचनं वाट बघत असतात. माझी खुणेची लाल फीत तिथेच आहे. इतकी वर्षं आहे की तिचा फिकट गुलाबी रंग पानाला लागलाय. पुस्तक मिटून कडेने पाहिलं तर सुरुवातीची पानं बोटांनी काळवंडलेली आणि पुढचा सोनेरी मुलामा जसाच्या तसा. कुणी विचारलं तर मी 'सध्या लेवीयाचं मनन चाललंय' असं सांगतो. खोटं कुठे आहे?

देवाची इच्छा ओळखण्यात मात्र कसूर नको. आधी ठरवा, मग प्रार्थना करा. वाट मोकळी मिळाली की 'प्रभूने दार उघडलं' म्हणायचं. देवाने निनवेला जा म्हटलं म्हणून योना संदेष्टा उलट दिशेला पळायला याफोला गेला, तेव्हा बंदरात नेमकं तार्शीशचं जहाज उभं होतं आणि खिशात भाड्याचे पैसेही होते. याहून उघडं दार कुणाला मिळणार? पुढे वादळ आलं, मासा आला, ते सगळं नंतरचं.

अलीशाने केलं ते मात्र करू नका. एलिया संदेष्ट्याने 'माझ्यामागे ये' अशी खूण म्हणून अंगावर झगा टाकला, तर या गृहस्थाने बैलांची जोडी कापली आणि त्यांच्याच औताच्या लाकडांवर मांस शिजवून लोकांना वाढलं. परतायची सोयच ठेवली नाही. शहाण्याने औत माळ्यावर टाकावं. नांगराला हात घालून मागे पाहण्याविषयीही कुठेतरी काही म्हटलंय, पण तेही लूकच, आणि तोच नववा अध्याय.

प्रेषित पौलाचं एक वाक्य तेवढं तोंडपाठ हवं: मागील गोष्टी विसरून पुढच्याकडे धाव. समोरच्याने जुनी उसनवारी काढली की चटकन उपयोगी पडतं. याच्या अगदी आधी तो 'मी अजून मिळवलं आहे असं नाही' म्हणतो; ते पाठ करायची गरज नाही.

आता राहिली मत्तयातली एक अडचण, कारण मत्तयही पूर्ण भरवशाचा नाही. अर्पण वेदीपाशी आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करायचा (5:23-24). भावाच्या मनात, आपल्या नव्हे. हे मी दहादा वाचून खात्री केली. यावर मी शोधलेला उपाय असा, की भावासाठी प्रार्थना करावी. उपास करावा. माझ्या भावासाठी मी आतापर्यंत तीन उपास केलेत, एक तर पाण्यावाचून. प्रार्थनासभेत त्याचं नाव इतक्या वेळा घेतलं की लोकांना तो आजारी असावा असं वाटतं. फोन राहिलाय. 'माझं चुकलं' हे दोन शब्द आहेत, मोजून. नंबर पाठ आहे. काल रात्री तर नऊ आकडे दाबून झाले होते, आणि दहाव्याला आठवलं, की एवढ्या महत्त्वाच्या गोष्टीसाठी आधी चांगला आठवडाभर प्रार्थना करायला हवी.