‘पंख्याखाली बसून’ लिहिणाऱ्याचं उत्तर

भाऊ, छपराच्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतो, म्हणजे श्वासावाटे फुप्फुसात गेला तर कर्करोग करू शकणारा खनिज धागा. त्या पत्र्यांवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. कॅनडाबद्दल मी चुकलो, हे तुमचं म्हणणं बरोबर. तिथल्या ॲस्बेस्टॉसच्या खाणी २०११ मध्येच थांबल्या, २०१८ मध्ये बंदीही आली. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण ‘शहरात पंख्याखाली बसून लिहिणाऱ्याला टिनाखालचा मे महिना काय कळणार’ हे कशासाठी? मुद्दा खोडायचा होता तर खोडायचा. माणसाचं गाव कशाला काढता?

काढलंच आहे, तर ऐका. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात आमचं कवेलूचं, म्हणजे कौलारू घर होतं. वानरं दरवर्षी कवेलू फोडायची, शाकारायला माणूस मिळेना. बाबांनी टिनं टाकली. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, दुपारी घरात पाय ठेवता येत नसे; आई माठाखाली ओलं पोतं अंथरून धाकट्याला तिथं निजवायची, रात्री सगळ्यांच्या बाजा अंगणात. दोन उन्हाळे असे काढल्यावर सिमेंटचे पत्रे आले. हूक बसवायला बाबांनी स्वतः भोकं पाडली, कडा करवतीनं कापल्या. शिडी मी धरली होती. त्यांच्या हातावरच्या केसांत पांढरी भुकटी बसलेली, तीच दुपट्ट्यानं पुसून ते जेवायला बसले. आईनं तो दुपट्टा झटकून धुतला. बाबा हृदयविकारानं गेले. पत्र्यानं गेले असं मी कधी म्हटलं नाही, म्हणणारही नाही. पण मला काय कळतं आणि काय नाही, हे तुम्ही ठरवू नका.

‘पत्र्यात धागा सिमेंटनं बांधलेला असतो, तो उडत नाही’ असंही तुम्ही लिहिलंत. कापताना उडतो. विषय संपला.

‘टिनापेक्षा थंड आणि गरिबाला परवडतो’ हे मला ठाऊक आहे, म्हणून तर आम्ही टाकला. माझा प्रश्न वेगळा होता आणि तो तुम्ही वाचलाच नाहीत. आपल्या देशात ॲस्बेस्टॉसच्या खाणींना १९८६ पासून नवे भाडेपट्टे मिळत नाहीत. माल येतो रशिया, कझाकस्तान, ब्राझीलमधून. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये तो देशात बंद केला, तरी गोयास राज्यातल्या खाणीतून परदेशी माल जात राहिला. युरोपीय संघानं २००५ मध्ये दार लावलं, अमेरिकेनं २०२४ मध्ये. घातक रसायनांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय रॉटरडॅम करारात पांढऱ्या ॲस्बेस्टॉसची (पत्र्यांतला तो हाच) नोंद झाली असती, तर विकणाऱ्याला आधी घेणाऱ्या देशाची संमती मागावी लागली असती. बंदीसुद्धा नव्हे, नुसती संमती! तेवढंही रशिया आणि कझाकस्ताननं वर्षानुवर्षं होऊ दिलं नाही. ब्राझीलसारख्यांना जे स्वतःच्या छपरावर नको, ते आमच्या छपरावर चालतं, याची चीड मला येते आणि येणार.

आमचे ते पत्रे अजून घरावर आहेत. यंदा दिवाळीनंतर उतरवणार आहे, पाण्यानं ओले करून, न फोडता. शिडी धरायला यायचं असेल तर या.