पार्टिकल काउंट पास, मग फिल्टर नापास कसा? एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू वाचला. टेक्निशियनशी बोललो, त्या रात्रीचे फोटोमीटरचे (फिल्टरची गळती मोजणाऱ्या उपकरणाचे) प्रिंटआउटही पुन्हा काढून पाहिले. तुमच्या तक्रारी थोडक्यात अशा: तुमच्या औषध कारखान्यातल्या स्वच्छ खोलीचा पार्टिकल काउंट (हवेतल्या कणांची मोजणी) सकाळी पास झालेला असताना आम्ही रात्री तिच्या सीलिंगमधला हेपा फिल्टर (हवेतले अतिसूक्ष्म कण अडवणारा) नापास केला, महागड्या फिल्टरवर तेल फवारलं, अर्धी शिफ्ट मशीन लावण्यातच घालवली, आणि दुरुस्तीनंतर फिल्टर पास होऊनही रिपोर्टमधलं आधीचं ‘नापास’ काढायला नकार दिला. हा सगळा नवे फिल्टर खपवायचा धंदा आहे, असंही तुम्ही म्हटलंय.

आधी धंद्याचं. आम्ही फिल्टर विकत नाही, कुणाच्या विक्रीवर कमिशनही घेत नाही. तुमचा फिल्टर बदला असं आम्ही सांगितलंच नव्हतं. क्लॅम्प आवळून काम भागलं, आणि हे त्याच रिपोर्टमध्ये लिहिलेलं आहे.

आता पार्टिकल काउंट. तुमची खोली सी ग्रेडची, म्हणजे स्वच्छतेच्या ए ते डी श्रेणींपैकी तिसऱ्या. काम बंद असताना तिथे एका घनमीटर हवेत 0.5 मायक्रॉन आणि त्याहून मोठे 3,52,000 कण चालतात. काउंटर ठरलेल्या जागी, कामाच्या उंचीवर उभा असतो. फिल्टरच्या एका कोपऱ्यातून निसटलेली हवा तिथवर पोचेपर्यंत खोलीभर मिसळून गेलेली असते. शिवाय हेपाच्या वरच्या बाजूला येणारी हवा प्री-फिल्टर आणि फाइन फिल्टरमधून आलेली, म्हणजे मुळात बरीच स्वच्छ. तिच्यातला अगदी थोडा वाटा गळला तर काउंटरला त्याचा पत्ताही लागत नाही. फाइन फिल्टर फाटेल त्या दिवशी मात्र तीच फट महागात पडते. म्हणून वरच्या बाजूला मुद्दाम पीएओ या तेलाचा एरोसोल (सूक्ष्म थेंबांचा धूर) सोडून खाली फोटोमीटरचा प्रोब फिरवायचा. अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएच्या 2004 च्या असेप्टिक (निर्जंतुक उत्पादनाच्या) मार्गदर्शनात हेच आहे: वर पुरेसा, आकार माहीत असलेला एरोसोल नसेल तर लीक टेस्ट गळती पकडायला कुचकामी. वरच्या प्रमाणाच्या 0.01 टक्का एवढं रीडिंग एका जागी जरी आलं, तरी ती दखल घेण्याजोगी गळती धरली जाते.

तुमच्या फिल्टरच्या मधल्या भागावर रीडिंग 0.001 टक्क्याच्या आसपास होतं. दरवाजाकडच्या कोपऱ्यात गॅस्केटच्या (फिल्टरच्या कडेच्या सीलच्या) रेषेवर ते 0.038 झालं. टेक्निशियनने लगेच ‘नापास’ लिहिलं नाही. सीलिंगच्या पोकळीतली हवा ग्रिडच्या फटीतून ओढली जाऊनही असं रीडिंग येतं, म्हणून त्याने ती फट टेपने बंद करून पुन्हा पाहिलं. आकडा तसाच. मग तुमच्याच मेंटेनन्सच्या माणसाने समोरासमोरचे क्लॅम्प आळीपाळीने थोडे थोडे आवळले आणि रीडिंग 0.002 वर आलं. गळती फिल्टरच्या कागदात नव्हतीच, बसवण्यात होती. फिल्टर बनवणाऱ्या कारखान्याचं, 99.995 टक्के कण अडवण्याचं एच14 (हेपाची एक श्रेणी) सर्टिफिकेट खरंच आहे. पण ते कारखान्यातल्या टेस्ट रिगवरचं, तुमच्या सीलिंगमधलं नाही.

तेलाबद्दलची शंका अगदीच बिनबुडाची नाही. 610 गुणिले 1220 मिलिमीटरचा फिल्टर, हवेचा वेग सेकंदाला 0.45 मीटर आणि घनमीटरला 20 मिलिग्रॅम एरोसोल धरला तर तासाला साधारण 24 ग्रॅम पीएओ त्यावर बसतो. काचतंतूच्या फिल्टरला एवढ्याने बाधा येत नाही, पण एरोसोलचा जनरेटर उगाच चालू ठेवण्यातही अर्थ नसतो. म्हणूनच स्कॅन थांबला की तो बंद होताना तुम्ही पाहिला असेल. पीटीएफई (टेफ्लॉन) मेंब्रेनचे फिल्टर असते तर आम्ही फोटोमीटर लावलाच नसता. तिथे कमी एरोसोलवर चालणारी पार्टिकल काउंटरची पद्धत वापरतात.

वेळेचं म्हणाल तर वरचं प्रमाण स्थिर झाल्याशिवाय ‘100 टक्के’ ठरत नाही, आणि ते ठरल्याशिवाय खालच्या टक्केवारीला काही अर्थ नसतो. 3 सेंटीमीटरचा चौकोनी प्रोब सेकंदाला 5 सेंटीमीटरने फिरवला तर वर सांगितलेल्या मापाच्या एका फिल्टरला आठ मिनिटांहून जास्त लागतात, कडा वेगळ्याच. (तासाभरात चाळीस फिल्टर ‘टेस्ट’ झाल्याचे रिपोर्ट आम्हीही पाहिलेत. त्यांवर सही करणाऱ्यांचं कौतुक वाटतं.)

राहिला खरा वादाचा मुद्दा. ‘नापास’ काढून टाकलं असतं तर तुम्हाला डेविएशन (नियमापासून ढळल्याची अधिकृत नोंद आणि चौकशी) उघडावं लागलं नसतं, मागच्या टेस्टपासून त्या खोलीत झालेल्या बॅचचा आढावाही घ्यावा लागला नसता. ऑडिट तोंडावर असताना हा केवढा ताप आहे, हे आम्ही जाणतो. पण युरोपच्या निर्जंतुक औषधांच्या नियमावलीत, 2022 च्या अ‍ॅनेक्स 1 मध्ये, सी ग्रेडला जास्तीत जास्त 12 महिन्यांनी फेरतपासणी सांगितली आहे, ती मधल्या काळात काय घडलं हे कळावं म्हणूनच. आल्या आल्या मिळालेला आकडा खोडला तर त्या टेस्टचा तुम्हालाच उपयोग उरत नाही. फोटोमीटरच्या नोंदीवर वेळ आणि उपकरणाचा क्रमांक असतो. ती नोंद एकीकडे आणि रिपोर्ट दुसरीकडे, हे ऑडिटरला सापडलं तर एका गॅस्केटचा प्रश्न सगळ्या रेकॉर्डवर जाईल. रिपोर्टमध्ये दोन्ही रीडिंग, दुरुस्ती आणि फेरचाचणी क्रमाने आहेत. त्यात बदल होणार नाही, स्टार कितीही मिळाले तरी.

दुसऱ्या एजन्सीकडून खात्री करून घ्यायची असेल तर जरूर घ्या. सगळी मूळ नोंद आणि उपकरणांची कॅलिब्रेशन सर्टिफिकेट आम्ही त्यांना देऊ. डेविएशनसाठी गळतीची जागा दाखवणारा नकाशा तुमच्या क्यूएला (गुणवत्ता विभागाला) मेल केला आहे. ऑडिटरने त्या नोंदीबद्दल विचारलं तर टेस्ट करणारा टेक्निशियन स्वतः हजर राहील, त्याचे वेगळे पैसे लागणार नाहीत.