‘जुनी मशिनंच ठेका झुलवायची’ म्हणणाऱ्यांना

बीट, म्हणजे हिप-हॉप गाण्यांचे ठेके, बनवणाऱ्या पोरांच्या गटांमध्ये सध्या एक मजकूर फिरतो आहे. मला तो तिघांनी पाठवला. थोडक्यात तो असा: ‘एसपी-१२००, एमपीसी६० ही जुनी सॅम्पलिंग ड्रम मशिनं ॲनालॉग होती, म्हणून त्यांचा आवाज उबदार. खरी जादू बारा बिटची. ठेका ती आपोआप झुलवायची. वाजवणाऱ्याने फक्त दुसऱ्याचं संगीत चोरायचं आणि बटणं दाबायची. आजच्या कॉम्प्युटरवर तो आवाज निघणं अशक्य.’ तिघांपैकी एकजण हे वाचून उसने पैसे घेऊन जुनं मशीन विकत घ्यायला निघाला होता, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

‘ॲनालॉग’ हे पहिलंच विधान चुकीचं आहे. सॅम्पल करणं म्हणजेच आवाज आकड्यांत बदलून साठवणं. ड्रम मशिनं घडवणारे रॉजर लिन यांनी १९८० मध्ये एलएम-१ हे मशीन आणलं तेव्हा त्यात खऱ्या ड्रमचे रेकॉर्ड केलेले आवाज चिपमध्ये आकडे म्हणून ठेवलेले होते. त्याच वर्षीच्या रोलँड टीआर-८०८ मध्ये रेकॉर्ड केलेला एकही आवाज नाही. त्यातला प्रत्येक आघात विजेच्या मंडलातून जन्मतो. ॲनालॉग म्हणायचं तर ते. दोन्हींना ड्रम मशीनच म्हणतात, त्यातून हा घोळ झाला असावा. एसपी-१२०० मधून आवाज बाहेर पडायच्या आठ वाटांपैकी सहांवर ॲनालॉग फिल्टर होते हे खरं. दाव्यात तथ्य आहे ते इतकंच.

बारा बिटचं काय? बारा बिट म्हणजे आवाजाची दर क्षणाची उंची ४०९६ पायऱ्यांपैकी एकीवर बसवायची. सीडीच्या सोळा बिटमध्ये पायऱ्या ६५,५३६ असतात. पायऱ्या कमी असल्या की आवाजाच्या तळाशी खरखर वाढते. आता १९८८ चं एमपीसी६० घ्या. तेही आवाज बारा बिटमध्येच साठवतं, पण सेकंदाला ४०,००० नमुने घेतं, म्हणजे आवाजाची उंची तितक्या वेळा मोजतं. १९८७ चं एसपी-१२०० सुमारे २६,००० घेतं. तोच स्नेअर (ड्रमसेटमधला कडक वाजणारा ड्रम) एमपीसी६० वर बराच स्वच्छ वाजतो आणि एसपी-१२०० वर जाडाभरडा. बिट सारखेच असून आवाज वेगळा येत असेल, तर कारण बिटमध्ये शोधून उपयोग नाही. नमुन्यांच्या वेगाच्या निम्म्यापर्यंतचीच कंपनं टिकतात, त्यामुळे एसपी-१२०० मध्ये १३,००० हर्ट्झच्या वरचं काही उरत नाही. शिवाय आवाज खालच्या पट्टीत उतरवताना ते मशीन मधले नमुने हिशेबाने तयार करत नाही, आहेत तेच पुन्हा वापरतं. त्यातून मुळात नसलेल्या कंपनांची किणकिण आवाजावर चढते. लोक जिच्या प्रेमात आहेत ती बरीचशी हीच किणकिण.

पण ती ऐकू यायला आवाज कोणीतरी खाली उतरवावा लागतो. इथेच ‘फक्त बटणं दाबायची’ हे म्हणणं मोडतं.

एसपी-१२०० मध्ये एकूण दहा सेकंदांचा आवाज मावायचा, आणि एक सॅम्पल जास्तीत जास्त अडीच सेकंदांचं. न्यूयॉर्कच्या पोरांनी त्यावर तोड काढली. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची तबकडी ४५ फेऱ्यांवर लावायची, तो पळता आवाज मशीनमध्ये घ्यायचा, आणि मग मशीनवर तो पुन्हा खाली आणायचा. ४५ ला ३३⅓ ने भागलं की १.३५ येतात, म्हणजे अडीच सेकंदांत जवळजवळ ३.४ सेकंदांचं संगीत बसलं. मूळ पट्टीला यायचं तर पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या मिळून सुमारे पाच पट्ट्या खाली यावं लागतं. जागा वाचवायला केलेल्या या उपायातून तो सुप्रसिद्ध खरखरीत आवाज आला. मशीन घडवणाऱ्यांनी ही सोय म्हणून दिलेली नव्हती.

पुढचं काम तर निव्वळ कानाचं. एसपी-१२०० चा पडदा दोन ओळींचा. आवाजाची लाट त्यावर दिसत नाही. आघात नेमका कुठे सुरू होतो ते ऐकूनच ठरवायचं आणि तिथेच कापायचं. जुन्या तबकडीतल्या दोन आवर्तनांच्या ठेक्यातून किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) वेगळी, स्नेअर वेगळा, हाय-हॅट (झांजांची जोडी) वेगळी काढायची, बोटांनी वाजवायच्या आठ पॅडवर मांडायची आणि नवा ठेका बांधायचा. वरचे सूर फिल्टरने झाकून तबकडीतला फक्त बास उरवायचा, हे पीट रॉक आणि लार्ज प्रोफेसर या हिप-हॉपचे ठेके बांधणाऱ्यांच्या कामात कान देऊन ऐका. लार्ज प्रोफेसर हे मशीन शिकले ते पॉल सी. या न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या ध्वनिअभियंत्याकडून. १९८९ मध्ये पॉल सी. यांचा खून झाला तेव्हा ते अवघे २४ वर्षांचे होते. हाताखाली बसून शिकणं, कानाने पारखणं, एकाने दुसऱ्याला युक्ती दाखवणं, याला आपण तालीम म्हणतो. ती या मुलांची झाली होती. ‘मशीननेच केलं’ म्हणताना आपण ती पुसून टाकतो, आणि ती मुलं बहुतेक कृष्णवर्णीय वस्त्यांमधली होती, म्हणून मला ते जास्त लागतं.

झुलत्या ठेक्याची गोष्ट तबला येणाऱ्याला पटकन कळेल. एका मात्रेत ‘ति-र-कि-ट’ हे चार बोल सारख्या अंतराने बसवा: हा सरळ ठेका. आता ‘ति’ आणि ‘कि’ जागच्या जागी ठेवून ‘र’ आणि ‘ट’ थोडे उशिरा टाका. झालं, हाच स्विंग. रॉजर लिन यांनी तो एलएम-१ मध्येच दिला होता आणि पुढे एमपीसी६० मध्येही. त्यात काही गुपित नाही, हे स्वतः लिन सांगत आले आहेत. ‘ति’ पासून ‘कि’ पर्यंतच्या अंतरात ‘र’ किती टक्क्यांवर पडतो ते आकड्यात पाहायचं तर ५० टक्के म्हणजे सरळ, आणि ६६ टक्के म्हणजे त्या अंतराचे तीन सारखे भाग करून ‘र’ तिसऱ्याच्या सुरुवातीला. मिनिटाला ९० मात्रांची लय असेल तर ५४ टक्क्यांवर ‘र’ सुमारे १३ मिलिसेकंद उशिरा येतो, ६२ टक्क्यांवर ४०. कोणत्या गाण्याला ५४ आणि कोणत्याला ६२, हे मशीन सांगत नाही. बटण ५० वर असेल तर तेच मशीन काठीसारखं सरळ चालतं.

आणि झुलत्या ठेक्याचं नाव निघालं की सगळे ज्यांचा दाखला देतात त्या डेट्रॉइटच्या जे डिला या हिप-हॉप ठेकेकाराचं मशीन कोणतं? एमपीसी३०००. ते सोळा बिटचं आणि सीडीच्याच वेगाने नमुने घेणारं. बारा बिटची जादू तिथे नव्हतीच. एकाच ठेक्यातले वेगवेगळे आघात वेगवेगळ्या अंतराने पुढे-मागे सरकवणं, हे डिलांच्या बोटांचं आणि कानांचं काम. २००६ मध्ये, ३२ वर्षांचे असताना ते गेले. ते मशीन आज वॉशिंग्टनच्या आफ्रिकन अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

कॉम्प्युटरचं थोडक्यात. त्या मुलाला मी समोर बसवून दाखवलं: ठेक्याचा तुकडा १.३५ पट वेगाने चालवला, नमुने २६,००० वर आणले, बारा बिट केले, आणि मधले नमुने न भरता पुन्हा खाली ओढला. तो गप्प ऐकत राहिला, मग म्हणाला, ‘दादा, हेच की ते!’ तंतोतंत तेच नाही. फिल्टर वेगळे पडतात. पण ‘अशक्य’ हा शब्द टिकत नाही. जुन्या मशीनवर हात ठेवून, त्याच्या दहा सेकंदांत अडकून काम करण्यात वेगळी मजा आहे, आणि त्यासाठी कोणी ते घेतलं तर मला आनंदच आहे. एसपी-१२०० घडवणाऱ्या डेव्ह रॉसम यांनी २०२१ मध्ये ते पुन्हा बाजारातही आणलं.

राहिली चोरी. या मुद्द्यावर मी हात झटकणार नाही. जेम्स ब्राउनच्या बँडचे ड्रमर क्लाइड स्टबलफील्ड यांच्या काही सेकंदांच्या वादनावर असंख्य गाणी उभी राहिली, आणि गीतकार-संगीतकार म्हणून नाव नसल्याने त्यांना त्याची रॉयल्टी मिळाली नाही. २०१७ मध्ये ते गेले. १९६९ साली ग्रेगरी कोलमन यांनी वाजवलेला सहा-सात सेकंदांचा ठेका त्याहून जास्त फिरला. त्यांनाही काही मिळालं नाही. हा अन्याय खरा आहे. पण १९९१ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने विनापरवानगी सॅम्पलविरुद्ध निकाल दिला आणि परवानगीचे पैसे मोजणं रूढ झालं, तेव्हाही ते पैसे गेले हक्क ज्यांच्या नावावर होते त्यांच्याकडे. ड्रमरचं नाव त्या कागदांवर नव्हतंच. तबकडी कापून नवा ठेका बांधणाऱ्या पोराला चोर म्हणून ड्रमरच्या घरी एक पैसाही पोहोचत नाही. त्यासाठी वादकाचं नाव हक्काच्या कागदावर यावं लागेल.