घोणस अळी चावत नाही, जीवही घेत नाही
'उसावरची ही अळी चावली की पाच मिनिटांत माणूस मरतो' हा मेसेज पुन्हा फिरतोय. तो खोटा आहे. सप्टेंबर २०२२ मध्येही याच अफवेनं मराठवाड्यातले शेतकरी धास्तावले होते. नाव घोणस असलं तरी सापाशी तिचा संबंध नाही. ती पतंगाची अळी. हिरवट, पाठीवर काट्यांचे झुपके, गोगलगायीसारखी सरकणारी. ती चावतच नाही. काटे टोचतात, त्यातल्या विषानं गांधीलमाशी डसल्यागत आग होते. चोळू नका! चिकटपट्टी लावून अलगद ओढली की काटे निघतात, मग बर्फ लावा. धाप लागली किंवा अंगभर गांधी उठल्या, तर मात्र तडक दवाखाना गाठा.