ए शूटिंगवाले, बाजूला व्हा!

परवा विसर्जन मिरवणुकीत मारुतीच्या चौकातल्या स्वागत कक्षावरून माइकवर पुकारा झाला, "ए शूटिंगवाले, बाजूला व्हा जरा! मागच्या लोकांना दिसत नाहीये." मागचे लोक म्हणजे वडापावच्या गाडीपाशी उभी असलेली पंधरा-वीस डोकी. आणि ज्यांच्यासाठी तिथे ट्रायपॉड रोवला होता, ते घरोघरी टीव्हीपुढे बसलेलं गाव. शूटिंगवाले लग्नात असतात. त्यांना ॲडव्हान्स मिळतो आणि पहिल्या पंगतीला बसवून आग्रहाने जिलबी वाढतात. आम्ही गावचं लोकल केबल चॅनल चालवतो, तेही पदरचं पेट्रोल जाळून. असो. बाजूला झालो.

बाजूला झालो तिथे काका भेटले. पांढरी टोपी, हातात रिकामी पिशवी, सत्तरीच्या आसपास. कॅमेऱ्याच्या भिंगात वाकून बघत म्हणाले, "लाइव्ह आहे का?"

"हो काका, लाइव्ह."

"म्हणजे आत्ता घरी दिसतंय?"

"दिसतंय."

काकांनी फोन काढून स्पीकरवर टाकला. "अगं, टीव्ही लाव. आपलं लोकल. मालिका राहू दे, उद्या सकाळी परत दाखवतात ती. कितवा नंबर हो? हां, आठ चार एक. लावलंस? मी दिसतोय का? हात करतोय बघ." आणि त्यांनी एसटीला हात दाखवावा तसा जोरजोरात हात हलवला.

"नाही हो, तुम्ही नुसते उभे आहात," काकू फोनवर.

काकांनी हात खाली घेतला आणि आमच्याकडे असं बघितलं, की आम्ही त्यांचा हात चोरलाय. एवढ्यात फोनमधून, "हां हां, केलात! आत्ता केलात हात!"

"आत्ता नाही केला. आत्ता मी गप उभा आहे."

"अहो, करताय की! हे काय, हलवताय!"

काकांनी आपल्या हाताकडे नीट बघितलं. हात मांडीपाशी सरळ होता. "हे लाइव्ह नाही," त्यांनी निकाल दिला. "हे रेकॉर्डिंग आहे."

आता इथे आठ सेकंदांचा खुलासा करणं भाग होतं. पूर्वी ॲनालॉग होतं तेव्हा कॅमेऱ्याची पिवळी वायर मॉड्युलेटरमध्ये, म्हणजे चित्र एका चॅनलवर चढवणाऱ्या डब्यात जायची, तिथून सगळी चॅनलं एका वायरीत घालणाऱ्या कम्बायनरला, आणि केबलच्या कोॲक्स वायरीने थेट घरात. इथे हात हलला की तिथे हलला. मग सेट-टॉप बॉक्स सक्तीचे झाले. आमच्यासारख्या गावांचा नंबर चौथ्या टप्प्यात लागला, त्याची मुदत ३१ मार्च २०१७. आता चित्र आधी लॅपटॉपमध्ये दाबून बारीक होतं, इंटरनेटवरून जिल्ह्याच्या हेडएंडला, म्हणजे केबल कंपनीच्या मुख्य केंद्राला जातं, तिथे इतर चॅनलांच्या गठ्ठ्यात बांधलं जातं, त्याला कुलूप लागतं, फायबरने परत गावात येतं आणि घरातला बॉक्स ते कुलूप उघडून चित्र पुन्हा फुगवतो. प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं साठवून पुढे पाठवतात, नाहीतर चित्र तुटतं. आमच्याकडे या सगळ्याची बेरीज आठ सेकंद होते.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे मी जिल्ह्याला जाऊन आठ सेकंदात परत येतो?"

"तुम्ही नाही, तुमचं चित्र."

"एसटीला दोन तास लागतात."

पटलं असं वाटलं, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "अहो, टोपी वाकडी झालीय. उजवीकडे घ्या." काकांनी घेतली. काकूंच्या टीव्हीत अजून जुनीच टोपी. "अजून घ्या!" काकांनी अजून घेतली. "अहो, घ्या ना!" अजून. मग आठ सेकंदांनी हा सगळा साठा एकदम पोचला. "अहो, एवढी नाही! डावीकडे! डावीकडे!" टोपी डाव्या कानावर. "अजून!" मोठ्या यंत्रांमध्येही उशिरा येणाऱ्या सूचनांवर भराभरा दुरुस्ती केली की असाच झोला बसतो. पण तो चौकात, कॅमेऱ्याच्या पुढ्यात, मानाचा पहिला गणपती मागून जात असताना बसलेला बघायला मिळणं विरळाच. स्विचरवर, म्हणजे कॅमेरे बदलायच्या यंत्रावर बसलेल्या मुलाने शेवटी गच्चीवरच्या दुसऱ्या कॅमेऱ्यावर कट मारला. आठ सेकंद गेले आणि फोनमधून तक्रार आली, "अहो, गेलात कुठे? नुसता गणपतीच दिसतोय!"

"ह्यांनी काढलं मला," काका आमच्याकडे बोट दाखवून म्हणाले. मग जाता जाता, "सेटिंग नीट करून घ्या तुमचं."

सेटिंग! हा शब्द गावात कुणीही फेकतो. साऊंडवाल्याचंच घ्या. आवाज कॅमेऱ्याच्या माइकने घेतला तर ढोल-ताशात भाषण विरघळून जातं, म्हणून त्याच्या मिक्सरमधून घ्यावा लागतो. साऊंडवाला म्हणतो, "कुठलंही भोक घ्या." कुठलंही घेऊन चालत नाही. लाइन आउट काढून माइकच्या इनपुटला लावला तर मिक्सर आवाज ढकलतो व्होल्टात, आणि माइकचं भोक अपेक्षा करतं काही मिलिव्होल्टची. पाहुण्यांचं भाषण डबा बडवल्यासारखं ऐकू येतं. ऑक्स आउट, म्हणजे मिक्सरचं वेगळ्या बटणाचं जादा भोक घ्यायचं, आपल्याकडे लाइन इन निवडायचं आणि ऑक्सचं बटण ढोलपथक येण्याआधी खाली आणायचं. शिवाय साऊंड असतो जनरेटरवर आणि आपला लॅपटॉप किराणा दुकानाच्या प्लगवर. दोन अर्थिंग एकमेकांना ऑडिओच्या वायरीतून भेटतात आणि ५० हर्ट्झची घूं चालू होते. जाणकार मंडळी लगेच सुचवतात, अर्थिंगची पिन काढून टाका. अजिबात काढू नये, घूं जाईल आणि कधीतरी माणूसही जाईल. ऑडिओच्या वायरीत एकास एकचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालावा. तो नसेल तर भाषणापुरता लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवावा.

आणि ज्यांना चॅनल म्हणजे 'मोबाइलवरून लाइव्ह करा ना, काय एवढं' वाटतं, त्यांच्यासाठी. विसर्जनाच्या दिवशी चौकात सगळेच मोबाइलवरून लाइव्ह करत असतात, त्यामुळे टॉवर सात वाजता मान टाकतो. दुपारी चाचणी घेताना पंधरा एमबीपीएस अपलोड दाखवणारा डोंगल ऐन आरतीला अर्ध्यावर येतो आणि मग शून्यावर. उपाय एकच, मिरवणुकीच्या वाटेवर ज्या घरात फायबरचं कनेक्शन आहे त्या घरच्या वहिनींशी वर्षभर संबंध चांगले ठेवायचे. दहाचं अपलोड असेल तर चारनेच पाठवायचं, बाकीचं श्वास घ्यायला. राउटरला वाय-फायने नाही, लॅनच्या वायरीने जोडायचं. आणि राउटरच्या प्लगवर 'काढू नये' अशी चिठ्ठी चिकटवायची, कारण स्वयंपाकघरातला मिक्सर लावायला पहिला तोच निघतो.

गच्चीवरच्या कॅमेऱ्यापर्यंत एचडीएमआय वायर ओढण्याचा मोह होतो. दहा-पंधरा मीटरपुढे साधी एचडीएमआय कधी काळं करेल, कधी हिरवे ठिपके दाखवेल, भरवसा नाही. एसडीआयचा, म्हणजे चित्र लांबच्या वायरीतून नेणाऱ्या पद्धतीचा, कन्व्हर्टर दोन्ही टोकांना लावावा. मधल्या वायरीला मात्र केबलवाल्याकडची उरलेली आरजी-६ सुद्धा पन्नासेक मीटर चालून जाते. तीही एसडीआयला लागते तशी ७५ ओहमचीच. फक्त टोकाला एफ कनेक्टरऐवजी बीएनसी नीट दाबून लावायचा आणि जाळीचा एकही केस मधल्या तारेला टेकू द्यायचा नाही. टेकला की चित्र सबंध गायब. कॅमेऱ्याचं शटर १/५० सेकंदावर ठेवावं, नाहीतर मंडळांच्या रोषणाईवर काळे पट्टे चालतात. काही स्वस्तातल्या एलईडी माळा १/५० लाही जुमानत नाहीत, तिथे कॅमेरा दुसरीकडे वळवावा आणि देवाची माफी मागावी.

लाइट जाणं हा वेगळाच विनोद. आमच्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर बॅटरी नवी असेल तर लॅपटॉप, स्विचर आणि दोन कॅमेरे वीस-पंचवीस मिनिटं निघतात. आम्ही चालू असतो. पण खांबावरच्या केबलच्या नोडला, म्हणजे फायबरमधून आळीच्या वायरीत चित्र उतरवणाऱ्या डब्याला, बॅकअप नसेल तर चित्र त्या आळीत पोचत नाही. आणि त्या आळीतून फोन येतो, "चॅनल बंद आहे तुमचं." काका, लाइट आहे का घरात? "नाही, लाइट तर गेलीय. पण चॅनलही बंद आहे."

दुसरे फोन डिशवाल्यांचे. केबल तोडून, वर छत्री बसवून झालेली असते आणि विचारतात, आमच्याकडे लोकल का लागत नाही? जिल्ह्याच्या केबलमधलं चॅनल आकाशातल्या उपग्रहावर चढत नाही हो. सांगून झालं. युट्यूबची लिंक देऊन झाली. लिंकवर डीजेच्या गाण्यामुळे कॉपीराइटचा दावा पडतो आणि नेमका मिरवणुकीचा आवाज बंद होतो. त्याचाही फोन आम्हालाच.

हसून घालवायच्या या गोष्टी. एक मात्र घालवता येत नाही. गुजरातच्या खेडा जिल्ह्यात पीज गावातून १९७५ साली सरकारनेच गावकऱ्यांचं टीव्ही चालवून दाखवलं होतं, गावचे प्रश्न गावच्याच माणसांच्या तोंडून. सामुदायिक रेडिओचं दार संस्थांना २००६ मध्ये उघडलं, म्हसवडला माणदेशी तरंग ९०.४ वर बोलते. टीव्हीला तसं दारच नाही. आम्ही एमएसओच्या, म्हणजे हेडएंड चालवणाऱ्या मोठ्या केबल कंपनीच्या अंगणात एका कोपऱ्यात बसतो. केंद्राच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत आमचं नाव 'प्लॅटफॉर्म सर्व्हिस'. चॅनलमागे एकदाच हजार रुपये नोंदणी, ते ठीक. स्थानिक बातम्या दाखवायच्या तर मात्र कंपनीच हवी. म्हणजे नळाला पाणी का आलं नाही हे सांगायला संचालक मंडळ पाहिजे, आणि 'चि. सोन्याला वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा' ही पट्टी फिरवायला काहीच नको. तर आम्ही पट्टी फिरवतो. शिवाय ९० दिवसांचं रेकॉर्डिंग जपायचं. दोन एमबीपीएसने दिवसाला २१.६ जीबी, नव्वद दिवसांना जवळजवळ दोन टीबी. त्यात मिरवणूक पाच तासांची. बाकी सोन्या.

आणि मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवसापासून पेन ड्राइव्ह येतात. "आमच्या मंडळाचं तेवढं टाकून द्या." पाच तास, सहा एमबीपीएस, म्हणजे साडेतेरा जीबीची एक फाइल. पेन ड्राइव्ह १६ चा, त्यात 'लग्न फायनल' नावाचं फोल्डर. समजा जागा झालीच, तरी तो एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला, त्यात चार जीबीच्या वरची फाइल मावतच नाही, जागा कितीही असो. एक्सफॅट करायचा तर आतलं सगळं पुसावं लागतं. पुसू का विचारलं की फोन जातो वहिनींना, वहिनींचा मामांना, आणि संध्याकाळपर्यंत 'लग्न फायनल' कुणाचं हेच ठरत नाही. मग फाइलचे तुकडे करून टाकायचे. ते न्यायला आलेला मंडळाचा अध्यक्ष पेन ड्राइव्ह खिशात घालत विचारतो, "मधे त्या टोपीवाल्यांना कशाला घेतलंत एवढं? आमचा अर्धा गणपती झाकला त्यांनी. तेवढे ते पुसून देता येतील का?"