वरातीमागून जॉनर

सिनेमाच्या वर्गासाठी दोन मिनिटांची ओपनिंग करायची आहे तुम्हाला. अख्खी फिल्म नाही, नुसती सुरुवात, टायटल्ससकट. आणि सोबत एक अहवाल: निवडलेल्या जॉनरचे, म्हणजे सिनेमाच्या प्रकाराचे, ठरलेले संकेत कोणते, ते कुठल्या सिनेमांत सापडले, तुम्ही कुठले पाळले आणि कुठले मोडले. अहवालालाही गुण आहेत हे कळल्यावर वर्गात जो सुस्कारा निघतो, त्यात एकेकाळी माझाही सूर होता. तेव्हा हा सल्ला ऐकीव नाही, भोगलेला आहे.

जॉनर ठरवण्यात वेळ घालवू नका. भयपट घ्या. विनोदी ओपनिंग केली तर कुणाला तरी हसू यावं लागतं. प्रेमकथेत दोन माणसांनी एकमेकांकडे सलग पाच सेकंद बघावं लागतं, आणि ते करताना तुमच्या ग्रुपमधलं कोण फिस्सकन हसणार हे तुम्हाला आत्ताच ठाऊक आहे. वेस्टर्नला घोडा लागतो. भयपटाला एक जिना पुरतो, अंधार आपोआप होतो, आणि ज्याला अभिनय येत नाही त्याला मुखवटा घालता येतो. 'हा जॉनर का निवडला' या रकान्यात मात्र 'मानवी मनातील आदिम भीतीचा शोध' असं लिहा. जिन्याचा उल्लेख नको.

आता सरळ शूटिंग उरका. संशोधन नंतर. यात ओशाळण्यासारखं काही नाही, या धंद्याची रीतच तशी आहे. फिल्म न्वारचंच बघा, म्हणजे सावल्यांनी भरलेले ते काळोखे गुन्हेपट. १९४०च्या दशकात हॉलिवूडमध्ये ते सिनेमे बनत होते तेव्हा त्यांना तिथे बहुतेक वेळा मेलोड्रामा म्हणत. युद्धाच्या काळात ते फ्रान्समध्ये पोचलेच नव्हते. युद्ध संपल्यावर एकदम येऊन थडकले आणि १९४६ साली नीनो फ्रँक या समीक्षकाने त्यांना 'न्वार' म्हटलं. म्हणजे ज्यांनी न्वार केले, त्यांना आपण न्वार करतोय याचा पत्ताच नव्हता! कुणी विचारलं, "संशोधन शूटिंगनंतर कसं काय?" तर हे ऐकवा. फक्त समोरचा पुढे विचारणार नाही एवढी प्रार्थना करा, कारण त्या दिग्दर्शकांतले बरेच जण जर्मनी-ऑस्ट्रियाकडून आलेले होते आणि भिंतीवरच्या वाकड्यातिकड्या सावल्या त्यांनी तिथल्या मूकपटांत डोळे भरून पाहिल्या होत्या. नाव नंतर आलं, अभ्यास आधीच झाला होता. हा भाग अहवालात गाळा.

शूटिंगचं काही शिकवायला नको, ते तुमच्या हाडातच आहे. गजर वाजतो. चादरीतून एक हात येतो, चाचपडतो, गजर बंद करतो. पाय जमिनीला टेकतात. नळ सुटतो. नायिका दात घासते. दोन मिनिटांतली पन्नास सेकंदं दात घासण्यात गेली की उरलेल्या सत्तरात ती चूळ भरते, वाकते, वर बघते, आणि आरशात तिच्यामागे हुडी घातलेला कुणीतरी उभा. कट. काळा पडदा. लाल अक्षरांत नाव. हा पाठीमागचा इसम घरात कधी आला, दात घासून होईपर्यंत का थांबला, असले प्रश्न अख्ख्या फिल्ममध्ये सुटतात. तुम्हाला फक्त सुरुवात करायची आहे.

आरशाबद्दल एक सांगतो. आमच्या आरशात हुडीवाल्याच्या उजवीकडे ट्रायपॉडचा एक पाय आणि रिफ्लेक्टर म्हणून धरलेल्या थर्माकोलचा कोपरा स्पष्ट दिसत होता. एडिटिंगला बसेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही आणि परत शूट करायला नायिका तयार नव्हती, तिच्या हिरड्या दुखत होत्या. अहवालात मी लिहिलं, 'येथे सिनेमा स्वतःकडे पाहतो.' सांगायला संकोच वाटतो, पण त्या वाक्याला शेऱ्यात 'छान' मिळालं.

मग यादी करायची. इंटरनेटवर 'भयपट' टाकून चित्रं बघा आणि पहिल्या पानावर जे दिसेल ते उतरवून घ्या: अंधार, चाकू, बाहुली, धुकं, करकरणारं दार. शेजारी दुसरा रकाना: 'आमच्या फिल्ममध्ये आहे का?' खाली टिक, टिक, टिक. या तक्त्याला सैद्धांतिक वजन यावं म्हणून सिनेमाचे अभ्यासक रिक ऑल्टमन यांचं नाव घ्या. त्यांनी १९८४ साली एका लेखात जॉनरकडे बघायच्या दोन बाजू मांडल्या: एक, त्यात येणाऱ्या वस्तू, जागा, माणसं, दुसरी, त्या सगळ्यांची आपापसातली बांधणी. एक शब्दसंग्रह, दुसरं व्याकरण म्हणा. तुम्ही पहिली बाजू घ्या. ती फोटोत येते. दुसरी बघायला सिनेमे पाहावे लागतात आणि तेही पुन्हापुन्हा, शिवाय हाती काय लागेल याची खात्री नाही. सगळा शब्दकोश घोकूनही एक धड पत्र लिहिता येत नाही, हे खरं. पण शब्दकोश जाड दिसतो.

सिनेमे पाहायचेच असतील तर जपून पाहा. काही सिनेमे तुमच्या तक्त्याच्या मुळावरच उठलेले आहेत. 'सायको' (१९६०) सुरू होतो तो शुक्रवारी दुपारी दोन वाजून त्रेचाळीस मिनिटांनी. वेळ चक्क पडद्यावर लिहून येते. 'द एक्झॉर्सिस्ट'ची (१९७३) सुरुवात इराकमधल्या उत्खननात, भाजून काढणाऱ्या उन्हात. आणि 'द शायनिंग' (१९८०) तर कहरच. लख्ख उजेड, डोंगर, तळं, वळणावळणाचा रस्ता, त्यावर एक इवलीशी पिवळी गाडी, आणि कॅमेरा वरून तिच्या मागे मागे. चाकू नाही, बाहुली नाही, माणसाचा चेहरासुद्धा नाही. आवाज बंद करून बघा, पर्यटनाची जाहिरात वाटेल. आवाज सुरू करा: अंत्यविधीच्या जुन्या लॅटिन स्तोत्राची चाल सिंथेसायझरवर घरंगळत येते, आणि तो रस्ता एकदम असा वाटू लागतो की गाडीवाल्याला ओरडून सांगावं, बाबा, परत फिर. तुमच्या तक्त्यात या ओपनिंगला एकही टिक मिळणार नाही. तेव्हा 'अपवाद' असा एक रकाना काढा आणि तिन्ही सिनेमे त्यात कोंबा. अपवाद जास्त झाले की रकाना रुंद करता येतो.

आमच्या ग्रुपच्या शेजारी एक मुलगी एकटीच काम करायची. तिने ही चूक केली. एकच ओपनिंग ती हातात स्टॉपवॉच धरून अकरा वेळा पाहत बसली, त्यातले चार वेळा आवाज बंद करून. वहीत सेकंदांप्रमाणे लिहीत गेली: आता मला काय कळलं, काय कळलं नाही, काय होईल असं वाटतंय. वहीत 'चाकू' हा शब्द कुठे नव्हता. आम्ही तिची कीव केली. तिच्या फिल्ममध्ये भर दुपारी एक बाई इस्त्री करते. लहान मुलाचे शर्ट. घडी करते, कॉलर अंगठ्याने दाबते, गठ्ठा उचलून एका बंद दारापाशी जाते, टकटक करते, म्हणते, "झाली रे इस्त्री." उत्तर येत नाही. ती वाकून गठ्ठा दाराशी ठेवते, आणि कॅमेरा खाली आल्यावर दिसतं की तिथे आधीचे बारा-पंधरा गठ्ठे तसेच रचलेले आहेत. खालचे पिवळे पडलेत. फिल्म संपल्यावर आमच्यातला एक जण म्हणाला, "यात जॉनर कुठेय?" कुणी हसलं नाही. मला अजून इस्त्रीचा वास आला की तो दरवाजा आठवतो. असलं काही करू नका, टिक कशावर करणार?

'संकेत मोडले' या भागाचं लोकांना उगाच दडपण येतं. सोपं आहे: जे राहून गेलं ते मोडलं म्हणायचं. रक्त विसरलात? 'रक्तपाताचा संकेत जाणीवपूर्वक नाकारला.' माइक बंद होता? 'संवादांना नकार.' उगाच 'स्क्रीम' (१९९६) वगैरे काढू नका. तिथे ड्रू बॅरीमोर या नावाजलेल्या नटीचा चेहरा पोस्टरवर झळकतो, बघणारा हीच नायिका असं धरून खुर्चीत रेलतो आणि पहिल्या दहा-बारा मिनिटांत तिचाच मुडदा पडतो. मोडायच्या आधी त्या लोकांनी प्रेक्षकाच्या मनात तो संकेत पक्का बसवून घेतला होता, आणि त्यात मेहनत आहे.

तसंच 'हॅलोविन'चं (१९७८). सुरुवातीची सुमारे चार मिनिटं आपण खुन्याच्या डोळ्यांनी बघतो, पुढे तर मुखवट्याच्या दोन भोकांतून. तुम्ही तेवढी भोकं घ्या. शेवटी तो मुखवटा कुणीतरी काढतं आणि आत सहा वर्षांचं पोर निघतं, विदूषकाच्या कपड्यांत, हातात सुरी. ती चार मिनिटं या एका क्षणासाठी होती. तुमच्या मुखवट्याआड ग्रुपमधलाच तो फिस्सकन हसणारा आहे, त्यामुळे मुखवटा काढूच नका.

दचकवण्यासाठी आवाज वाढवा. १९४२ सालच्या 'कॅट पीपल'मध्ये एक बाई रात्री रस्त्याने चालते, मागे कुणीतरी आहे असं वाटतं, टाचांचा आवाज, मग शांतता, आणि फस्सकन काहीतरी फ्रेममध्ये घुसतं. बस असते. थांब्यावर थांबलेली साधी बस. त्यानंतर अशा युक्तीला सिनेमावाले 'बस'च म्हणू लागले. यात शांतता किती सेकंद ठेवायची हा खरा हिशेब आहे, पण दोन मिनिटांत शांततेला कुठली जागा? फुकटच्या साइटवरची किंकाळी घ्या आणि व्हॉल्यूम लाल रेषेपार न्या.

टायटल्स थरथरत्या, ओरखडलेल्या अक्षरांत. 'सेव्हन'मध्ये (१९९५) टायटल डिझायनर काइल कूपर यांनी तशी केली होती. काही अक्षरं थेट फिल्मवर हाताने कोरलेली. तिथे त्या अक्षरांमागे कुणीतरी वह्या शिवतंय, चित्रं कापतंय, म्हणजे खुनी पडद्यावर येण्याच्या कितीतरी आधी आपण त्याच्या टेबलाशी बसलेलो असतो. तुमच्याकडे तयार फॉन्ट आहे. नावं सात दाखवा, चारांत एकच माणूस असला तरी चालतं.

प्रेक्षक-संशोधनासाठी वर्गाच्या ग्रुपवर प्रश्न टाका: 'तुम्हाला भयपटात भीती वाटायला आवडते का?' जे उत्तर देतील त्यांचा पाय-चार्ट करा. त्रिमितीत.

राहता राहिला प्रदर्शनाचा दिवस. आमची फिल्म लागली. गजर, हात, पाय, नळ. दात घासणं सुरू झालं तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी "अगं, जिभेवरून पण" म्हणालं. हुडीवाला आरशात आला आणि वर्ग हसला. साधं हसणं नाही, बाकं वाजवून. किंकाळीला तर टाळ्या पडल्या. आम्ही चौघे पडद्याकडे न बघता एकमेकांकडे बघत होतो, सलग पाच सेकंदांपेक्षा जास्त.

अशा वेळी नंतर संशोधन करण्याचा खरा फायदा कळतो. अहवाल दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. रात्री फाइल उघडली, 'शोधा आणि बदला'मध्ये 'भयपट'च्या जागी 'विनोदी भयपट' टाकलं आणि बटण दाबलं. एकतीस ठिकाणी बदल झाला. आदिम भीतीचा शोध विनोदी झाला, पाय-चार्ट विनोदी झाला, अपवादातला 'द शायनिंग'सुद्धा झाला. एकच काळजी घ्या, बटण दोनदा दाबू नका. माझ्याकडून दाबलं गेलं. सगळीकडे दुरुस्त केलं पण सातव्या पानावर एक 'विनोदी विनोदी भयपट' तसाच राहिला, आणि सबंध अहवालात परीक्षकांनी तेवढ्याच शब्दांखाली रेघ मारून समासात लिहिलं: 'हा जॉनर नवीन दिसतो. उदाहरणे द्या.'